उंचीत दोन बोटे कमी भरलेली घोडी

प्रति,
मा. जनावर पुरवठा अधिकारी साहेब,
सरहद्द मदत कचेरी, मुक्काम शहादे.

अर्जदार: पितांबर सुपडू चौधरी, धंदा मीठ-तेलाची फेरी, राहणार म्हसावद, ता. शहादे, जि. धुळे.

विषय: सरहद्दीसाठी दिलेली, पण सरहद्दीवर न गेलेली घोडी अर्जदाराने पुन्हा कामास लावल्याबाबत.

संदर्भ: ‘सरकारी जनावराचा खाजगी वापर केल्याबद्दल कारवाई का करू नये’ अशी आपल्या कचेरीची नोटीस.

महोदय,

आपली नोटीस पोहोचली. कारवाई का करू नये याची कारणे मागितली आहेत, ती अर्जदार नम्रपणे मांडत आहे. कारणे थोडी लांबली आहेत, कारण प्रकरणही लांबले आहे.

अर्जदार हा जातीने तेली असून म्हसावदहून डोंगरावरच्या तोरणमाळला मीठ, तेल व घासलेट पोहोचवितो आणि येताना चारोळी, डिंक, मोहाची फुले घेऊन येतो. पायथ्यापासून पुढे वाट उभ्या चढाची असल्याने हा धंदा खरे तर माणसाचा नसून घोडीचा आहे. घोडीचे नाव चिमणी. बासष्ट सालच्या हिवाळ्यात चिनी सैन्य आत शिरले तेव्हा आपल्या आधीचे साहेब गावात आले व चावडीसमोर सभा घेऊन म्हणाले की, आपल्या जवानांना बर्फाच्या डोंगरावर ओझी वाहायला जनावरे नाहीत. अर्जदाराचा मुलगा भिला तेव्हा तिकडच्याच डोंगरावर शिपाई होता. अर्जदार सभेतून उठला, घरी गेला आणि चिमणीला सोडून घेऊन आला. बायको दगूबाई हिने घोडीच्या कपाळाला कुंकू लावले व तिच्या कानाशी म्हणाली, “मन्हा भिलाले वझं उचलू देऊ नको, माय.” साहेबांनी घोडीशेजारी उभे राहून फोटो काढविला. फोटोत साहेब पूर्ण आले आहेत. घोडीची शेपटी आली आहे.

शहाद्यास नेल्यावर घोडीच्या खुरावर सरकारी नंबर डागला व त्यानंतर तिला मोजण्यात आले. आधी डागावे आणि मग मोजावे हा क्रम कोणी ठरविला, हे अर्जदारास ठाऊक नाही. मोजणीत ती लष्करी उंचीला दोन बोटे कमी भरली. अर्जदार म्हणाला, काही हरकत नाही, घरी नेतो. त्यावर आपल्या कचेरीतील कारकून गृहस्थांनी समजावून सांगितले, “बाबा, नंबर पडना म्हंजे घोडी आते तुन्ही नई, देशनी शे.” मग देश तिला का नेत नाही, असे विचारता ते म्हणाले, “देशले ती नापास शे.” नापास झालेल्या पोराला शाळासुद्धा बापाच्या घरी जाऊ देते. सरकारने घोडी परत दिली नाही, पुढील हुकूम होईपर्यंत सांभाळायला दिली.

सांभाळण्याच्या अटी अशा होत्या की, घोडीवर ओझे लादू नये, कोणी बसू नये आणि डोंगराची सवय मोडू नये म्हणून तिला नेमाने चढावर फिरवावे. अर्जदाराने तिन्ही अटी पाळल्या. म्हणजे असे की, मिठाची गोणी अर्जदाराच्या पाठीवर, तेलाचा डबा दगूबाईच्या डोक्यावर आणि मध्ये चिमणी रिकामी, सवय न मोडता चाललेली. घोडीलाही ते पटत नसे. ती थांबून मागे पाही व पाठ खाली करी. तोरणमाळचे आमचे जुने गिऱ्हाईक वाहरू पावरा यांनी आम्हाला असे येताना पाहून विचारले, “चौधरी, घोडीनी तुले भाडाले लिन्हा का?” सगळे हसले. अर्जदारही हसला, कारण दुसरे काय करणार?

पावसाळ्यात मात्र हसण्यासारखे राहिले नाही. चढावरच्या निसरड्या दगडावर दगूबाईचा पाय सुटला, डबा दरीत गेला व उजवा हात मनगटापासून मोडला. घोडी शेजारी पाठ खाली करून उभी होती. अर्जदाराने बायकोला तिच्यावर बसविण्यासाठी उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. खाली पायथ्याला आपले तपासनीस साहेब घोडी पाहायला यायचे होते आणि अर्जदार त्यांना भ्याला. ती बाई मोडका हात पदरात बांधून पायथ्याच्या राणीपूरपर्यंत चालत उतरली. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, “घोडी बी तुमले इचारी ऱ्हायनी व्हती.”

त्यानंतर अर्जदाराने आपल्या कचेरीस रीतसर विनंती केली की, हात बरा होईपर्यंत बायकोला बसू द्यावे. उत्तर आले तेव्हा प्लास्टर निघाले होते व हात वाकडा जुळला होता. उत्तरात लिहिले होते की, सदर घोडी जखमींसाठी वापरता येईल, परंतु जखमी इसम लष्करी असावा.

याच सुमारास सरकारने घोडीस पूर्णपणे सज्ज करण्याचे मनावर घेतले. ऐन ऑक्टोबरच्या उन्हात, बाहेर कपाशी फुटत असताना, चिमणीसाठी जाड लोकरी झूल आली व बर्फावर न घसरणारे चार नाल आले. तपासणीच्या दिवशी झूल अंगावर असलीच पाहिजे असे फर्मान होते. घोडी घामाने निथळू लागली, तोंडाला फेस आला. तपासनीस साहेबांनी सावलीत बसून शेरा लिहिला की, जनावर थंड प्रदेशास अयोग्य दिसते. अर्जदार म्हणाला, साहेब, येथे थंड प्रदेश कोठे आहे? त्यांनी सांगितले की, तो प्रश्न वेगळ्या खात्याचा आहे.

मग डिसेंबरात भिला रजेवर आला. दोंडाईच्याच्या गाडीतून उतरला तेव्हा लंगडत होता. डाव्या पायाची दोन बोटे थंडीने काळी पडली म्हणून कापली होती. घरी आल्यावर तो आधी गोठ्यात गेला, कारण चिमणी शिंगरू होती तेव्हापासून तिला त्यानेच वाढविले होते. तिच्या अंगावर झूल होती, तपासणी जवळ आली होती. भिला बराच वेळ झुलीवरून हात फिरवीत राहिला. मग म्हणाला, “बा, दारूगोयानी पेट्या आमीज पाठवर चढाडूत. खच्चर ई ऱ्हायनात, घोडा ई ऱ्हायनात, असं रोज सांगेत. एक बी जनावर उनं नई. पायमा कापडना बूट व्हतात.” तो हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर अर्जदारास सोसले असते.

दुसऱ्या दिवशी त्याने झूल उतरविली, घडी घातली आणि चिमणीच्या पाठीवर खोगीर टाकून मिठाच्या गोण्या लादल्या. अर्जदार पुढे होऊन म्हणाला, “भिला, सरकारी जनावर शे रे ते!” तेव्हा आपल्या नोटिशीचे जे उत्तर अर्जदाराला सुचले नसते, ते त्याने दिले. “मी बी सरकारीज शे, बा. मन्हावर वझं टाकताना कोनी उंची मोजी नई.”

आम्ही तिघे व घोडी असे तोरणमाळला गेलो. परतीच्या वाटेवर, आपल्या उत्तराप्रमाणे, लष्करी जखमी या नात्याने घोडीवर बसण्यास फक्त भिला पात्र होता. त्याने आईला बसविले व स्वतः लगाम धरून लंगडत उतरला. म्हसावदच्या बाजारात हे सर्वांनी पाहिले. ज्या सद्गृहस्थाने आपणांस कळविले त्याने खरे तेच कळविले आहे.

आपण झुलीचाही जाब विचारला आहे. ती दगूबाईने वाकड्या हाताने कापून तिच्या दोन बंड्या शिवल्या. एक भिलासाठी व दुसरी त्याच्या जोडीदार गुलाबसिंगसाठी, जो त्याच्यासोबत पहाऱ्यावर असतो. भिला संक्रांतीनंतर पलटणीत परत गेला. म्हणजे झूल ज्या ठिकाणासाठी सरकारने पाठविली होती तेथे ती पोहोचली असून, या कामी कचेरीस काहीही तोशीस पडलेली नाही. नाल मात्र सोबत परत करीत आहे. ते भिलाच्या पायात बसले नाहीत.

सबब अर्जदार घोडी मागत नाही. ती त्याने घेतली आहे. तोरणमाळही देशच आहे व तेथील माणसांना मीठ लागते, एवढेच अर्जदाराचे कारण आहे. चिमणी हल्ली वाहरू पावरा यांच्या अंगणात बांधलेली असते. जप्तीसाठी आपण स्वतः येणार असाल तर अवश्य यावे. जीप पायथ्याशीच थांबते आणि पुढचा चढ साहेब लोकांना झेपत नाही. एक निरोप पाठवावा, चिमणी खाली येईल व आपणांस वर घेऊन जाईल. बसण्यासाठी आमच्याकडे परवानगी काढावी लागत नाही.

कळावे, आपला आज्ञाधारक राहिलेला व आता न राहिलेला,
पितांबर सुपडू चौधरी
(सही)

म्हसावद, तारीख ३ फेब्रुवारी १९६४.

सोबत: बर्फावरचे नाल, नग चार, कोरे.