कोहळ्याचं बी कोणी नेलं

१२ जून, गुरुवार

कमळानं माहं कोहळ्याचं बी चोरलं. हे पहिले लिवून ठेवतो, बाकीचं मंग.

आता राम राम. डायरी खताच्या दुकानातली हाय, सुनिलले फुकट भेटली. मी चवथी शिकली, त्यातही चवथीत मास्तर सारा वेळ बिमार. पहिले जेवण झालं का सारं बुढ्याले सांगत होती, तो हूं म्हणे. माघात देवाजी गेला. जित्ता होता तवा नाव घेतलं नाई, आता लिवाले काय जाते. हूं म्हणाले घरात कोणी नाई, म्हणून डायरी. कोणी वाचू नये. पुनमनं तं बिलकुल नाई. पुनम म्हणजे सून. सुनिल घुग्घुसले खाणीत ड्युटीवर, अन ही इथी माह्यापाशी, मोबाईल घेऊन.

तं बी. निळ्या लुगड्याच्या फडक्यात दोन गाठी मारून चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं. आज आभाळ भरलं म्हणून लावाले काढाले गेली, तं फळी रिकामी. उंदीर गाठीसकट फडकं नेत नाई. कमळा नेते. लहान जाऊ हाय माही, देराची बायको, कुपाटीच्या पल्याड घर. पहिले एकच घर होतं, वाटणी झाली तवा मधात कुपाटी आली.

आजपासून कमळाशी बोलायचं नाई.

१३ जून

बोलली. पण भांडाले बोलली, ते धरायचं नाई.

कमळा म्हणे, बाई, मी कायले नेऊ तुमचं बी, आमच्या घरी कोहळं खाते कोण? म्हणलं चोरानं खाल्लंच पायजे असं कुठी लिवलं हाय? तिनं काही सांगाले तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा नवरा लहानू आतून खोकलला. मंग दोघंही गप्प. गुन्हेगार अशेच गप्प रायते.

२७ जून

कुपाटीच्या बुडाशी, शेणखड्ड्याच्या काठावर, कोहळं उगवलं. आपोआप! मी पेरलं नाई. पुनमनं पेरलं नाई, तिले सांबाराची जुडी अन मेथीची जुडी वेगळी ओळखू येत नाई. मंग कोणं? देवाजीनं पाठवलं. दुसरं कोण पाठवन.

त्याले माह्या हातच्या कोहळ्याचा भारी नाद. दुसरी भाजी असली का गुपचाप जेवे. कोहळं असलं का बसाच्या पहिले विचारे, किती केली? अन उठता उठता विचारे, उरली का? एवढा जीव! त्या दिवशी त्याले घरात बसून घास जाये नाई. ताट घेऊन घरामागच्या सांदवाडीत जाये, कुपाटीले टेकून बसे, अन घडीभरात ताट चकाचक घेऊन येई. कशी झाली विचारलं का म्हणे, बरी झाली. निसर्गाचा माणूस होता, हवा लागे त्याले जेवाले.

ठरलं. या वेलाचं पहिलं कोहळं देवाजीच्या पित्तराले. पहिलं पित्तर हाय त्याचं. माह्या हातची भाजी खाल्ल्याबिगर तो वर निवांत बसणार नाई, हे मले माहीत हाय.

११ जुलै

सारं गाव धानाच्या रोवण्याले, मी वेलाची राखण करतो. पानाले राख शिंपडतो. बांबूचा मांडव केला, बांबू लहानूचेच हाय, सांगतलं नाई.

सांदवाडी यंदा माह्यावर खूश हाय. वांगे, लाल लाल भेदरे, बरबटी, दोडके, सारं घरचं. बाजारात पाय टाकाची गरज नाई. पुनम ते सारं गंजात टाकते अन मोबाईल पाहू पाहू मीठ टाकते. म्हणलं मोबाईलनं खाल्ली का कधी भाजी? तं म्हणे, आई, लोकं लाईक करते. म्हणलं तुह्या सासऱ्यानं कधी लाईक नाई केलं, पण उरली का विचाराले विसरला नाई.

पुनम हासली. काऊन हासली ते सांगतलं नाई.

२ ऑगस्ट

वेल फितूर झाला.

मांडव सोडला, कुपाटी ओलांडली, सीधा कमळाच्या कवेलूवर जाऊन पसरला. शेण माहं, राख माही, उन्हापाण्यात राखण माही, अन फुलं तिच्या छपरावर. माणसावर भरोसा नाई हे माहीत होतं. वेलही तसाच निघन असं वाटलं नव्हतं.

काठीनं शेंडा इकडं वळवाले गेली, तं तुटला. पुनमले सांगतलं वांदरानं तोडला. कमळानं कुपाटीवरून पाह्यलं होतं, पण ती काही बोलली नाई. तिचं हे न बोलणंच मले खपत नाई.

शेंड्याची भाजी केली. वांदराच्या नावानं का होईना, घरात ताजी भाजी झाली.

१४ ऑगस्ट

पुरावा भेटला!

कोंबडीनं शेणखड्ड्याचा काठ उकरला, त्यातून फडकं निंघालं. माहं निळं लुगडं. एक गाठ सुटलेली, दुसरी तशीच. म्हणजे सारं साफ झालं. कमळानं चोरलं, मंग भेव वाटलं, खड्ड्यात फेकून देलं. कमळानं फेकलं, देवाजीनं उगवलं.

फडकं घेऊन कुपाटीवर गेली. कमळाचं तोंड पाहण्यासारखं झालं. लहानू म्हणे, वहिनी, राहू द्या न आता. म्हणलं काऊन राहू देऊ? तं म्हणे, गेलेल्या माणसासाठी राहू द्या. म्हणलं गेलेल्यासाठीच तं बी ठेवलं होतं मी!

उद्या पंचायतीत ठेवाले लागलं तं कामी येईन म्हणून फडकं साबण लावून धुतलं अन पेटीत ठेवलं.

२२ ऑगस्ट, पोळा

सुनिल आला. जोडे काढाच्या पहिले पुनमले विचारलं, कोहळं तं नाई न? लेकराले केवढी आस. म्हणलं सबर कर बाबू, ते पित्तराले. म्हणे, आई, पित्तराले माही ड्युटी हाय. मी तारीख सांगतलीच नव्हती अजून.

खाणीवाल्यायले माणूस म्हणून काही कदर नाई. दरसाल नेमकं कोहळ्याच्या दिवशी पोराले डबल शिफ्ट देते.

वांगे-भेदरे केले. दोन डाव घेतले त्यानं. कोहळं असतं तं चार घेतले असते.

१८ सप्टेंबर

कोहळं पिकलं. मोठं, कमळाच्या छपरावर मांडी घालून बसलं हाय. इकडच्या मांडवावर दोडक्याएवढंही नाई.

आता अडचण. बाईमाणसानं अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव घालायचा नाई. पहिला घाव गड्याचा, मंग आपण पावशीवर बसून कितीही चिरा. माह्या सासूनं सांगतलं, तिले तिच्या सासूनं. दरसाल देवाजी घाव घाले. कोयता घेऊन कितीक वेळ कोहळ्याकडं पाहत बसे. म्हणे, याच्यापेक्षा मलेच काप. गमत्या माणूस!

सुनिलले फोन केला. बापाचं पहिलं पित्तर, ड्युटी गेली चुलीत म्हणलं. तवा म्हणे, रातपाळी करून बारापर्यंत येतो. म्हणलं तवर भाजी शिजाले पायजे, घाव कोण घालन? तं म्हणे, आई, या साली गवार कर न.

गवार! पोटच्या पोरानं बापाच्या पित्तराले गवार म्हणावं.

पुनम म्हणे, व्हिडिओत तं बायाच कापते. म्हणलं त्यायले सासू नसन.

घराचा गडी म्हणाल तं लहानूच उरला. ठरलं, लहानूशी बोलायचं, कमळाशी नाई. छप्पर तिचं, कोयता तिच्या घरचा, नवराही तिचाच. पण तिच्याशी बोलायचं नाई.

२१ सप्टेंबर, पित्तर अमावस्या, सकाळ

लहानू छपरावर चढला, कमळानं खालून शिडी धरली. मी कुपाटीवरून शिडीशी बोलली, का नीट धरजो.

कोहळं आंगणात पोत्यावर ठेवलं. लहानूनं पहिले त्याले हात जोडले. म्हणे, दादा, मेल्यावरही सुटला नाईस गा. अन खटकन घाव घातला. डोळे पुसून राह्यला होता, पण खांदे हासल्यासारखे हालत होते. भावाचं प्रेम असंच.

भाजी फक्कड केली. मेथ्या मूठभर, लाल मिरची, मुठीएवढा गूळ, लगदा होईपर्यंत शिजवली. पुनम म्हणे मेथ्या जास्त झाल्या वाटते. म्हणलं तुह्या सासऱ्यानं सारी जिंदगी नाव ठेवलं नाई, तू कोण?

त्याच दिवशी, संध्याकाळ

लिवायचं नव्हतं. पण कोणाले सांगू.

कुपाटीजवळ दगडावर पान ठेवलं. वडे, कढी, भात, खीर, अन मधात कोहळं. सुनिल बारा वाजता आला. सारे मागं सरून उभे. कावळा आला. वडा उचलला, गेला. परत आला, दुसरा वडा. मंग भात. मंग कोहळ्यापाशी आला, मान वाकडी करून पाह्यलं, चोचीनं बाजूले सारलं, त्याच्या खालचा वडा काढला अन गेला.

म्हणलं शिकलेला कावळा दिसते, गोड शेवटी खाईन. आला नाई.

सुनिल तोंडावर दुपट्टा धरून बसला. म्हणलं रडू नको बाबू. तं तो रडून नव्हता राह्यला. म्हणे, आई, आता तरी मान. बाबाले कोहळं आवडतच नव्हतं.

म्हणलं काहीही बकू नको. ताट साफ करून येत होते ते. तं लहानू म्हणे, वहिनी, ताट आमच्या म्हशीनं साफ केलं. दरवेळी. दादा कुपाटीवरून भाजी टाके, म्हैस खाये, अन हा आमच्या चुलीपाशी कमळाच्या हातची कारल्याची भाजी अन भाकर खाऊन वापस जाये. किती केली विचारे ते म्हशीच्या हिशोबानं.

मंग फडकं. बीही देवाजीनंच नेलं. माघात एका सकाळी आला, लहानूच्या हातात फडकं देलं, म्हणे खड्ड्यात गाड, एक साल तरी सुट्टी भेटन. पंधरवड्यात तोच गेला. कोणाले सांगू नका म्हणून शपथ घातली होती, म्हणे तिचं मन मोडन.

म्हणजे फेकलंही त्यानंच. उगवलं तेवढं मी समजली ते बरोबर.

कमळा कुपाटीपाशी उभी होती. तिले म्हणलं, मी तुले चोर म्हणून राह्यली होती, तं काऊन नाई सांगतलं वो? म्हणे, बाई, तुमचा माणूस गेला होता, मले चोर म्हणलं तं काय जाते.

चोर नाई ते नाई, वरून चांगली निंघाली. हे तं जास्तच झालं.

२३ सप्टेंबर

उरलेली भाजी आज मी खाल्ली. पहिल्यांदा ध्यान देऊन खाल्ली. मीठ बरोबर होतं. बाकी लिवत नाई. म्हशीकडं टाकाले गेली, तं म्हैस तिकडच्या कोपऱ्यात सरकली.

कमळानं वाटीत कारल्याची भाजी पाठवली. खाणार नव्हती. खाल्ली. मंग पुनमले तिकडं पाठवलं, विचार म्हणलं, उरली का.

कोहळ्याचं बी धुवून सुपड्यात वाळत घातलं हाय. निळं फडकंही वाळलेलं हाय. बांधावं का खड्ड्यात टाकावं, हे ठरत नाई.

तं आता कोणी मधात बोलायचं नाई. लहानूनं नाई, कमळानं नाई. सुनिलनं घुग्घुसवरून फोन करून मले समजवायचं नाई. कावळा पाठवायचा नाई. सारी जिंदगी ताट घेऊन येऊन बरी झाली म्हणे, त्या देवाजीनंच स्वता जवाब द्यावा. नुसतं हूं चालणार नाई.