माझा कडक ईमेल

३ फेब्रुवारी, सोमवार
पगार झाला. आजपासून आर्थिक शिस्त. एमबीएचं लोन आणि तीन क्रेडिट कार्डं, बस. माणूस उगाच घाबरतो. एकूण बेरीज अजून केलेली नाही. आधी शिस्त, मग बेरीज.

४ फेब्रुवारी
पगार संपला. लोनचा हप्ता तेवढा भरायचा राहिला.

७ फेब्रुवारी
नवा प्लॅन. निळ्या कार्डाचं मिनिमम लाल कार्डातून भरायचं, लालचं काळ्यातून. याला लिक्विडिटी मॅनेजमेंट म्हणतात. फोनवर कल्पिताताईला समजावलं. ती म्हणाली, आमच्यात याला याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात. बारावीनंतर पार्लरमध्ये लागलेली, तिला काय कळणार? तिच्यावर एक रुपया कर्ज नाही, पण तो मुद्दा वेगळा.

१२ फेब्रुवारी
दिवा स्टेशन ते रूम चालत येतो. रिक्षाचे पैसे वाचतात. तीन दिवस वाचले. आज चप्पल तुटली. चांगले शूज मागवले, सहा हप्त्यांत. गुंतवणूक आहे.
पाणी आज पण नाही. जार विकत घेतला.

१८ फेब्रुवारी, सकाळी १०.२०
कोलशेतच्या ऑफिसात, साहेब समोर असताना बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन. साईनाथ नाव. मी म्हणालो, बोला मावशी. तो म्हणाला, सर, मावशी नाही, चार हप्ते थकलेत. आता गॅरंटरकडे जावं लागेल. म्हणजे बाबांकडे. रिटायर झालेत, बीपी आहे. त्यांना यात आणायचं नाही, असं ठणकावून सांगितलं. हळू आवाजात.

१९ फेब्रुवारी
लंच टाइममध्ये बँकेला ईमेल टाकला. इंग्लिशमध्ये, कडक. 'हॅरासमेंट' दोनदा, 'लीगल' तीनदा. वाचून मलाच भीती वाटली. बँकेचे मेसेज ब्लॉक केले. मनःशांती महत्त्वाची.

१० मार्च
तीन आठवडे साईनाथ गप्प! बँक टरकली. कार्डवाल्यांचे फोन येतात, पण ते वेगळं खातं. ऑफिसातल्या रतनचं पण कार्ड थकलंय. त्याला ईमेलचा नमुना दिला. असं ज्ञान वाटावं.

२ एप्रिल
अजून शांत. बहुतेक लोन माफच केलं असेल. आनंदात रतनला मिसळ खायला नेलं. काळं कार्ड चाललं नाही. मशीन खराब असणार. पैसे रतनने दिले. रतनला आता रोज पाच फोन येतात. त्याने स्पेलिंग चुकवलं असणार.
झोप लागत नाही. तीन वाजता जाग येते, मग छताकडे बघतो. चहा कमी करायला हवा.

१३ एप्रिल, रविवार
विठ्ठलवाडीला घरी गेलेलो. बाबा नव्हते. कुठे गेलेत विचारलं, तर आई पोळ्याच लाटत राहिली. शेवटी ताई बोलली.
"कल्याणला. स्टेशनजवळच्या पार्किंगवर पावत्या फाडतात, मार्चपासून. तुझा हप्ता तेच भरतात. थकलेले हप्ते एफडी मोडून भरले."
मी म्हणालो, पण माझ्या ईमेलमुळे बँक...
"कसला ईमेल? तो साईनाथ घरी आलेला. बाबांनी हात जोडले त्याच्यापुढे."
जेवलो नाही. कल्याणला गेलो. बाईकच्या रांगांमध्ये बाबा उभे होते. कंत्राटदाराचा निळा शर्ट, खांद्यावरून उतरणारा. एक बाईकवाला सुट्ट्या पैशांवरून "ए चाचा" करत होता. बाबा त्याला "हां साहब" म्हणत होते. मला बघून त्यांनी आधी टोपी काढली.
"अरे संदेश, जेवलास का?"
जेवलो म्हणालो. मग म्हणालो, बाबा, पुढच्या महिन्यापासून हप्ता मी भरतो. नक्की.
"बरं," ते म्हणाले. "जरा बाजूला हो, त्यांना गाडी काढायचीय."
मी बाजूला झालो.