बरणीतल्या दाढा

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासारखी दातांची डॉक्टर व्हायला आले खरी, पण सध्या कुणी तोंड उघडलं तरी मला मळमळतं. माझ्या खोलीतली मैत्रीण, आपली भोपळी, तापाने पडली आहे. उशीवर रक्ताची लाळ, हिरड्या सुजलेल्या आणि वास असा, की घास घशाखाली उतरत नाही. शेवटी मी तिला तोंडावर सुनावलं, बाई गं, दात तरी घासत जा, दिव्याखालीच अंधार कशाला! ती भिंतीकडे तोंड करून निजली.

सरांनी लांबूनच पाहिलं आणि अक्कलदाढ कुजली असेल, काढून टाका म्हणाले. परीक्षेआधी जेवढ्या दाढा काढायच्या असतात त्यांत माझी एक कमीच आहे, तेव्हा शुक्रवारी मीच काढणार. घरबसल्या पेशंट मिळाला म्हणून सगळ्या चिडवतात. तोवर तिला आपली नेहमीची दातदुखीची गोळी देते आहे.

बाकी, डासांमुळे पसरणाऱ्या तापांची आम्हाला किती माहिती आहे, हे बघायला कॉलेजात प्रश्नपत्रिका वाटली होती. विद्यार्थी, सर, कर्मचारी, सगळ्यांना पैकीच्या पैकी! उत्तरं समोरच्या फलकावरच होती म्हणा.

लोभ आहेच, तो या आळशी बहिणीवर जरा जास्त असू दे.

तुझी,
धाकटी

५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून खास माणूस धाडते आहे. त्या दाढेला हात लावलास तर याद राख! अंगात ताप, हिरड्यांतून रक्त, आणि तुम्हा शहाण्यांना फक्त दात दिसले? हा डासाचा ताप असू शकतो. त्यात रक्त लवकर गोठत नाही. दाढ उपटलीस तर ते थांबवता थांबणार नाही. ती गोळीही बंद कर, तिने रक्तस्राव वाढतो. आत्ताच्या आत्ता तिला इस्पितळात ने. पैकीच्या पैकी म्हणे! पालथ्या घड्यावर पाणी.

आणि सरावासाठी जमवलेल्या दाढांच्या बरण्या बघ. औषधाचा वास नको म्हणून आम्हीही त्या साध्या पाण्यात ठेवायचो. झाकणं तरी लावता का?

रागावले आहे, पण माया आटलेली नाही.

तुझी,
ताई

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भोपळी वाचली. तुझा माणूस आला तेव्हा ती खुर्चीत होती आणि भुलीची सुई माझ्या हातात. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून कपाळाला हात लावला. दाढ काढली असती तर पोरगी हातची गेली असती, म्हणाले.

बरणी माझीच निघाली. खिडकीत, तिच्या उशाशी, उघडी. पाण्यावर तवंग, खाली पिवळ्या दाढा आणि किडक्या दाढांच्या पोकळीतून आत-बाहेर वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. मी तिथेच ओकले. सर म्हणत होते, माझ्या बरणीत असलं काही सापडायचं नाही. त्यांच्या बरणीत तर जास्तच सापडल्या.

तिच्या तोंडाची मला किळस येत होती ना, आता माझी मलाच येते.

हिरड्यांतून रक्त येईल म्हणून तिला अजून ब्रश करू देत नाहीत. नर्सबाई सांगत होत्या, माझी भेटीला यायची वेळ झाली की ही ब्रशसाठी हात जोडते. काल मी आत गेले, तर तिने तोंडावर हात धरला आणि म्हणाली, जरा लांबच बस, वास येईल.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझी,
धाकटी