इन्स्पेक्टर सूर्यभान मदरशात

१२ जुलै, शुक्रवार
वाचली! गेटवर बॅग तपासली, ओढणी कोण तपासते! राजापेठच्या रद्दीवाल्याकडची कादंबरी अमरावतीहून थेट बार्शीटाकळीच्या मदरशात. कव्हरवर इन्स्पेक्टर सूर्यभान, हातात पिस्तूल. मागं भिजलेली नर्स. तिले मी पेनानं पूर्ण बाह्या काढून देल्या. उगाच गुन्हा कशाले वाढवायचा!

१३ जुलै
खोलीतल्या रुबीनानं पाहिलंच. होस्टेलात मराठी शाळेतून आलेली मीच एकटी. उर्दू वाचताना अडखळते, म्हणून ही मले "मराठीवाली" म्हणून चिडवते. आज मात्र लाडात — "पढ के सुना ना!"

१५ जुलै
खोली गच्च. मी मराठी पाहते अन् उर्दूत सांगते. मधातच सूर्यभान अन् नर्सची मिठी आली! समोर छोट्या पोरी. म्हटलं, "फिर उसने... नर्स को पानी दिया." पुढच्या पानावर परत मिठी. परत पाणी.
रुबीना म्हणे, "इस नर्स को इतनी प्यास क्यों लगती है?"

१८ जुलै
कादंबरी सापडली! रजिया आपांच्या हातात. वॉर्डन त्या, त्यांच्यापुढं मोठ्या पोरीही थरथरतात. "ये क्या है?" तोंडातून निघून गेलं — "जी, सामान्य ज्ञान." तौबा! त्यांनी अब्बूंना फोन लावला, रविवारी या म्हणून. मग मले म्हणे, "पढो. मैं भी तो सुनूँ."
वाचलं. दोन मिठ्या, दोन ग्लास पाणी. आपा तसबीचे मणी ओढत राहिल्या. मग साफ मराठीत — "नाजिया, मी अकोल्याच्या मराठी शाळेत शिकली. पाणी कुठं लिवलं, दाखव बरं."
वेळेवर जमीनही फाटत नाही!

२० जुलै
बॅग भरली. मदरशातून नाव कटणार. रुबीना हुंदके देऊन राहिली. मलेही भरून आलं. तर म्हणे, "जाने से पहले ख़ूनी तो बता दे!"

२१ जुलै, रविवार
अब्बू आले. मी मान खाली घालून उभी. आपा म्हणाल्या, "फारुखभाई, पोरीले नेऊ नका. आमच्या मुलींले बसची पाटी वाचता येत नाही, दवाखान्यातला कागद वाचता येत नाही. दुपार ढळली की, अस्रच्या नमाजनंतर, नाजिया मराठी शिकवेल त्याहीले."
अब्बू म्हणे, "ही? घरी तर हिचं बकरीबी आयकत नाही!"

२२ जुलै
पहिला तास. मी आत गेली अन् सगळ्या पोरी एकदम उभ्या राहिल्या. घाबरून मागं पाहिलं — आपा आल्या वाटते!
मागं कोणीच नव्हतं.