दांडीवरच्या छोट्या सीटबाबत

मृत्युपत्र लिहून ठेवणारी मी, वय चौसष्ट, टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेली ऑपरेटर, स्वतःच्या हाताने लिहिते की, माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मी जिवंत असताना येऊन विचारावे, मागाहून कुजबुजू नये. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर खालचा बराच मजकूर वेगळा झाला असता.

१. माझी एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी वारली. ती रक्ताच्या आजाराने वारली. हे पहिल्या कलमात लिहावे लागते, कारण माझे थोरले बंधू चारचौघांत सांगतात, "उन्हातान्हात सायकल हाकत फिरायची, पोरीला दांडीवर बसवून. प्रकृती राहील कशी?" डॉक्टरांचा अहवाल त्यांना दाखवला होता. चष्मा विसरलो म्हणाले. सबब माझा चष्मा मी त्यांना देते.

२. राहते घर, दोन खोल्या व जिन्याखालची जागा, माझ्या नातीला, म्हणजे आमच्या भिंगरीला. ती सज्ञान होईपर्यंत देखभाल तिचे वडील, माझे जावई, करतील. त्यांना या घरात तहहयात राहण्याचा हक्क आहे. त्यांनी दुसरे लग्न केले तरी तो जाणार नाही. यावर नातेवाइकांनी नाके मुरडू नयेत.

३. बँकेतली ठेव भिंगरीच्या शिक्षणाला. शिलाई मशीन शेजारच्या नर्सबाईंना. त्या ते तसेही न विचारता वापरतात.

४. सायकल. ही माझ्या मुलीची. तिची पद्धत अशी होती: रविवारी सकाळी निघायचे, कुठे ते ठरवायचे नाही. घंटा भिंगरीच्या हातात. चौक आला की तिने एकदा वाजवली तर डावीकडे, दोनदा वाजवली तर उजवीकडे. आल्या वाटेने मागे फिरायचे नाही. अशा रीतीने त्या दोघींनी हे शहर पाहिले. बसगाड्या धुण्याचे आवार, कापड रंगवणाऱ्यांची गल्ली, पुलाखालचा न्हावी. मी इथेच जन्मले आणि यातले काही पाहिले नव्हते.

मुलगी गेल्यावर सायकलवर चादर पडली. भिंगरी चादरीखाली हात घालून घंटा वाजवत बसायची. मला ते ऐकवेना, म्हणून मी सायकल शिकले. साठी उलटल्यावर. बंधू म्हणाले, "या वयात? हाडं गोळा करायला कोण येणार?"

मी म्हटले, "तू येऊ नकोस म्हणजे झालं."

पहिल्याच रविवारी दोन घंटा वाजल्या आणि मी डावीकडे वळले. भिंगरी ओरडली, "आजी, चुकलीस!" मी उतरून सायकल उलटी फिरवू लागले, तर म्हणाली, "मागे नाही जायचं. आई नव्हती जात."

पुढे बर्फाचा कारखाना निघाला. तिथल्या पहारेकऱ्याने तिच्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवला. ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. तेव्हापासून आमचा तिसरा इशारा आहे. तीन घंटा म्हणजे चुकलो, चालू दे पुढे.

५. आता मला चक्कर येते. डॉक्टरीणबाईंनी सायकल बंद सांगितली. स्वतःपुरते मी ऐकले नसते, पण पुढे मूल बसते म्हणून ऐकले. त्याच संध्याकाळी बंधू जावयांना म्हणाले, "भंगारात द्या ती. पोरीला टीव्ही आहे की." मी पलीकडच्या खोलीत होते. जन्मभर तारेवरची बोलणी जोडून दिली, भिंतीपलीकडची मला सहज ऐकू येतात. जावई म्हणाले, "बघतो."

जावई वाईट माणूस नाहीत. भ्यालेले आहेत. मागे एकदा मला म्हणाले होते, "आई, तिला काही झालं तर?"

मी म्हटले होते, "आणि काहीच झालं नाही तर? घरात बसूनच मोठी झाली तर?"

म्हणून सदर सायकल, दांडीवरच्या छोट्या सीटसह, मी जावयांना देते. वापरण्याचा हक्क देते, विकण्याचा देत नाही. घंटा भिंगरीच्या मालकीची. पंप मी कोणालाच देत नाही. तो जिन्याखाली खिळ्यावर राहील. ज्याला चाकात हवा भरावीशी वाटेल, त्याचा तो.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण भिंगरीचे गुडघे आताच हँडलला लागतात. ती सीट माझ्या मरणासाठी थांबणार नाही. तेव्हा पाचवे कलम आजपासून लागू, बाकीची रीतसर मागाहून. सह्या झाल्या की मी हे जावयांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. बंधूंनी हरकत घेतल्यास चष्मा मिळणार नाही.

७. माझ्यामागे भेटायला येणाऱ्यांनी रविवारची सकाळ सोडून यावे. घरी कोणी नसेल.

स्थळ: राहते घर
दिनांक: अकरा फेब्रुवारी, रविवार
सही: लिहून ठेवणारी, मुलीची आई व भिंगरीची आजी

साक्षीदार:
शेजारच्या नर्सबाई (सही करताना म्हणाल्या, "मशीनचं लिहायची काय गरज होती?")
सायकल दुरुस्तीवाला, ज्याला सगळे पान्हा म्हणतात

सह्यांखालची नोंद, माझ्याच हातची: वाचून दाखवले. जावयांनी मान खाली घालून ऐकले आणि उठून जिना उतरले. भिंगरी चप्पल न घालताच मागे धावली. पंप खिळ्यावर नाही. आत्ता कोपऱ्यावरून घंटा ऐकू आली. तीन वेळा.