पुढच्या बाकावरची जागा

रविवार, २ फेब्रुवारी
दुरुस्ती. २५ जाने.च्या पानावर लिहिलंय, "आप्पांना दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला घेऊन गेले." चूक. आप्पांनी मला नेलं. पिणारी मी आहे. आप्पांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

पान फाडणार नाही. दम्यामुळे माझी दुसरीपर्यंतची शाळा घरातच झाली. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून आले की पाटी घेऊन बसायचे. चुकलेलं पुसायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं, हा त्यांचा नियम. म्हणून हे.

खरं असं झालं. पत्ता फोनवर मिळाला होता, चिकलठाण्यातली एक शाळा. स्कूटीवर बापलेकीनं तीन चकरा मारल्या, बोर्ड कुठंच नाही. शेवटी आप्पांनी चहाच्या टपरीवर सरळ विचारलं, "दारू सोडायची मीटिंग कुठं भरते हो?" चारचौघांत! मी हेल्मेट काढलंच नाही. चहावाला म्हणाला, "मागच्या गेटनं जा काका. लाजायचं नाय, लई जण सुधरलेत."

आत शिंदेकाका. रिक्षा चालवायचे, नऊ वर्षं झाली सोडून. मीटिंग तेच चालवतात. त्यांनी आप्पांचाच हात धरला. "या भाऊ, पुढं बसा. इथं सगळे एकाच माळेचे मणी. ताई, घरच्यांनी मागच्या बाकावर." आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी चपलांकडं. आप्पा पुढं जाऊन बसले. पाळी आली तेव्हा म्हणाले, "मी विश्वनाथ. आज नुसतं ऐकणार." खोटं एक अक्षर नाही. टाळ्या पडल्या.

काल दुसरी मीटिंग, पुन्हा तसंच. शिंदेकाका: "विश्वनाथभाऊ, आठ दिवसांत तोंडावर तेज आलं बघा." येताना सिग्नलला आप्पा म्हणाले, "बासष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणी तेज म्हणलं." दोघंही हसलो. पुढच्या सिग्नलला मी रडत होते.
न पिता दि. २९.

शनिवार, ८ फेब्रु.
तिसरी मीटिंग. बायका आहेत, पण सगळ्या माझ्या बाकावर, कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. आज उठले होते. "मी" एवढंच निघालं. शिंदेकाका लगेच, "बोला ना ताई, भाऊंबद्दल बोला." बसले खाली.
दि. ३५. दिवस वाढतात, हिंमत...

बुधवार, १२ फेब्रु., माघ पौर्णिमा
पौर्णिमेला विहारात पंचशील आप्पा देतात, किती वर्षं झाली. आज सेक्रेटरीकाका दारातच म्हणाले, "आप्पा, ह्या टायमाला राहू द्या. घसा बसला असंल तुमचा." घसा ठणठणीत आहे. कुणीतरी त्यांना शाळेच्या मागच्या गेटनं जाताना बघितलंय. आप्पा "बरं" म्हणाले आणि तिसऱ्या रांगेत बसले. पाचवं शील, मद्य न घेण्याचं, आलं तेव्हा दोन-तीन माना मागं वळल्या. आप्पांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत.

पुण्याच्या नोकरीत पिणं सुरू झालं तेव्हापासून, चार वर्षं, ते एक शील मी ओठ मिटून घालवते. आज म्हटलं. दि. ३९, म्हणायचा हक्क आहे मला. फार अभिमान वाटला. समोर आप्पांची पाठ होती. मग लाज.

आईला म्हणाले, विहारात सांगून टाकते. आई पीठ मळत होती. "गप बस. नळावर बाया बोलतात, बोलू दे. बाप्याचं लोक इसरतात. पोरीचं नाय इसरत."
आप्पांना विचारलं. "मला काय व्हतंय?" पण चहा अर्धा ठेवला. आप्पा चहा अर्धा ठेवत नाहीत.

शनिवार, १५ फेब्रु.
बोलले!! उठून सरळ पुढं गेले, आप्पांच्या बाकाजवळ. "मी सुजाता. पिणारी मी आहे. हे माझे वडील, हे कधीच प्यालेले नाहीत. आज माझा बेचाळिसावा दिवस." या वेळी वाक्यं पूर्ण झाली.

शिंदेकाका आप्पांना म्हणाले, "आवो भाऊ, मग तीन शनवार तुम्ही इथं काय करत व्हता? मी तुमाला तेज-बिज म्हणून बसलो!"
आप्पा उठले, बाक हातानं पुसला. "एसटीत रुमाल टाकून जागा धरत्यात का नाय? तसं. पोरगी मागून येत व्हती."
सगळे हसले. आप्पा मागच्या बाकावर, बायकांमध्ये, अंग चोरून बसले. मी पुढं. टाळ्या माझ्या होत्या.

सोमवार, १७ फेब्रु.
मीटिंगचा नियम, इथलं बोलणं इथंच राहतं. म्हणजे मी सुटले, आप्पा नाहीत. काल रविवारच्या वंदनेलाही तिसऱ्या रांगेतच. त्यांची जागा पुढं आहे. ती कुणी धरून ठेवलेली नाही.

आप्पांना सांगितलं, विहारात बोलणार. म्हणाले, "पाठ करू नको. चुकलं तर शेजारी बरोबर बोल."
आईनं ऐकलं. नंतर माझी वंदनेची पांढरी साडी कपाटातून काढून पलंगावर ठेवलेली दिसली. मला नेसायला काढली का नुसतं कपाट आवरत होती, कळलं नाही. विचारलं नाही.

ठरलं. रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ, वंदना संपली की, लोक उठायच्या आत बोलायचं.