बदामी बटाट्यांची पेज

ओंगरमानलांड, उत्तर स्वीडन, २५ ऑगस्ट

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? परवाचं आंबवलेल्या हेरिंग माशाचं वार्षिक जेवण छान झालं, असं मी फोनवर म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं.

हॉकानशी लग्न होऊन चार महिने झाले, तरी सासूबाई मला ‘दक्षिणेची पाहुणी’च म्हणतात. त्यामुळे त्यांच्या शेतातले, बदामाच्या आकाराचे बदामी बटाटे त्या जेवणासाठी उकडायला मला सांगितल्यावर मी हरखलेच. आपल्याकडच्यासारखी मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणली. हे नाजूक बटाटे मंद आचेवरच उकडायचे असतात, हे विचारायला काय झालं होतं? खरं सांगते, लाज वाटली. झाकण काढलं तर वर सालं तरंगत होती आणि खाली पेज.

“सीव, यंदा मासा या पेजेत घालून वाटीतून प्यायचा का गं?” हॉकानच्या काकांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी पाणी निथळून, लोणी घालून लगदा घोटला आणि वाढता वाढता म्हणाल्या, “इंगेला, पुढच्या वर्षी तू फक्त टेबल मांड.”

हॉकान म्हणतो, आई रागावली आहे. असेल. पण बाबा, त्या ‘पुढच्या वर्षी’ म्हणाल्या!

तुमची लाडकी,
इंगेला